मेस्मापुरत्या कर्मचारी, पगारापुरत्या स्वयंसेविका

प्रति,
मा. सचिव, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

महोदय,

अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांच्या मागण्या आपल्याला नव्याने सांगायला नकोत. ४ डिसेंबर २०२३ पासूनचा राज्यव्यापी संप आपण पाहिला आहे आणि निवेदनांचे गठ्ठे आपल्याच दप्तरात पडून आहेत. म्हणून विचारायचे ते एकच. ज्या विभागाच्या नावाची सुरुवातच महिलांपासून होते, त्याने सुमारे दोन लाख बायकांचे काम किमान वेतनाच्या बाहेर कसे ठेवले? शेतमालक किंवा कारखानदार बाईला कमी मजुरी देतो, तेव्हा सरकार त्याला समान वेतनाचा कायदा दाखवते. आपल्याला तो कायदा दाखवायची सोय नाही, कारण तुलनेला पुरुषच नाही. या पदांवर फक्त बायका नेमायच्या असा नियम आहे. अख्खे कामच बायकांचे ठरवून टाकले, की भेदभाव झाल्याचे कागदावर कुठे दिसत नाही. युक्ती अजोड आहे, विभागाचे अभिनंदन.

आता हिशेब. केंद्राने १ ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेला महिना ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये ठरवले. राज्याने आपली भर घालत २०२४ मध्ये हे आकडे १३,००० आणि ७,५०० वर नेले, वर अटींचा प्रोत्साहन भत्ता. मदतनिसाचे ७,५०० सव्वीस दिवसांवर वाटले तर रोजचे २८८ रुपये पडतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर होता ३१२. म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या शहापुरात मातीकामाला गेलेल्या बाईला, पुरुषाइतकीच, मदतनिसापेक्षा जास्त मजुरी सरकारनेच ठरवून दिली. मग मुलांचे खाणेपिणे, स्वच्छता, वजनाच्या दिवशीची धावपळ हे मातीकामाहून हलके कोणत्या तराजूत ठरले? शेजारी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत अगदी खालच्या पायरीवरच्या कायम कामगाराचे मूळ वेतन सातव्या आयोगाने जानेवारी २०१६ पासूनच १८,००० केले, महागाई भत्ता वेगळा. त्या कामातली जोखीम २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटाने जिल्ह्याने पाहिली. त्यांचा रुपया कमी करा असे कोणी म्हणणार नाही. पण खुद्द आपल्या विभागात सेविकेच्या नोंदी तपासणारी मुख्यसेविका वेतनश्रेणीत आहे, आणि ज्या कामाच्या त्या नोंदी, ते करणारी बाहेर.

याचा भार फक्त सेविका आणि मदतनिसांवर पडत नाही. धानाच्या रोवणीत जिल्ह्यातल्या बाया सकाळीच बांधीत उतरतात. लहान मूल तेवढा वेळ अंगणवाडीत राहिले तरच त्यांचा रोज पदरात पडतो. एका बाईच्या स्वस्त श्रमावर दहा जणींची मजुरी उभी आहे, आणि ही साखळी सरकारला फुकटात जमा करता येते. त्यात पोषण ट्रॅकरच्या नोंदी, सर्वेक्षणे आणि २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज, तेही दर पात्र अर्जामागे ५० रुपयांच्या आश्वासनावर. दीड हजार रुपये बहिणीच्या खात्यात पोचवायला हीच बहीण हवी होती.

आपली उत्तरे पाठ आहेत. काम अर्धवेळ आहे, हे पहिले. ते सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन भारिया प्रकरणात फेटाळले: अंगणवाडीचे काम अर्धवेळ मानता येत नाही आणि सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. दुसरे उत्तर, ही पदे शासकीय सेवेतली नाहीत. अमीरबी प्रकरणात २००६ मध्ये न्यायालय तसे म्हणाले होते, खरे आहे. पण त्यानंतर २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, त्याने अंगणवाडीवर कायदेशीर जबाबदारी टाकली, आणि नेमका हाच फरक २०२२ च्या निकालाने दाखवला. शिवाय त्याच २०१३ साली भारतीय श्रम परिषदेने योजनांतल्या या बायकांना कामगार मानण्याची शिफारस केली होती. तिसरे उत्तर, तिजोरी. लाडकी बहीणचे पंधराशे रुपये कोट्यवधी खात्यांत दरमहा टाकायचे ठरले, तेव्हा तिजोरी आड आली नाही. आणि शेवटचे, बायका हे सेवाभावाने करतात. तसे असेल, तर मार्च २०१८ मध्ये त्यांच्यावर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांचा कायदा, कशाला लावला होता? विधानसभेत गदारोळ झाल्यावर त्याला स्थगिती द्यावी लागली, पण मनातले कागदावर उतरून गेले. संपावर गेली तर अत्यावश्यक सेवेतली कर्मचारी, पगार मागितला तर स्वयंसेविका. दोन्ही एकदम कसे, हे कोणत्या शासन निर्णयात लिहिले आहे ते कळवावे.

१९९४ मध्ये देशातले पहिले महिला धोरण आणल्याचा अभिमान महाराष्ट्र प्रत्येक व्यासपीठावर मिरवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सेविकेला २४,८०० आणि मदतनिसाला २०,३०० रुपये देण्याचा आदेश दिला, तेव्हा तिथल्या सरकारला ते न्यायालयाकडून ऐकावे लागले. आपण तशी वाट पाहणार असाल, तर तसे स्पष्ट सांगा. नसाल, तर या दोन्ही पदांना किमान वेतनाच्या कक्षेत कधी घेणार, ती तारीख लेखी द्या. ग्रॅच्युइटीचा निकाल राज्यात किती निवृत्त सेविकांपर्यंत पोचला, तेही जिल्हावार जाहीर करा, भंडाऱ्याच्या आकड्यासह. समिती नेमू नका. अभ्यास पन्नास वर्षे चालला आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडीची योजना सुरू झाली.

शहापूर, जि. भंडारा येथील एक नागरिक