रानपिंगळ्याचे नातेवाईक कुठे आहेत?

सिमिलिपालच्या काळ्या वाघांचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. ‘कसला भारी दिसतो यार!’ म्हणत ग्रुपवर टाकलेही असतील. पण त्या रंगामागची गोष्ट तितकी भारी नाही. शास्त्रज्ञांनी या वाघांचे जीनोम वाचले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडला की, एका जनुकातल्या बदलामुळे ते काळे दिसतात. एरवी दुर्मीळ असलेला हा बदल तिथे वाढला. का? तर ओडिशातलं ते जंगल इतरांपासून तुटलंय. वाघ मोजके आणि बाहेरून नवं रक्त येत नव्हतं.

आता आपल्या खान्देशात या. रानपिंगळा माहितीये ना? १८८४ नंतर तो कुणाला दिसलाच नव्हता. संपला, असंच सगळे समजून होते. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळ सापडला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. पुढे तो तोरणमाळ, यावल, मेळघाटातही दिसला. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी काही जनुकं तपासून सांगितलं, की हा आपल्या गावातल्या साध्या पिंगळ्याच्याच कुळातला, पण वेगळी जात.

कूळ कळलं. आता घरचे कुठे आहेत, ते कळायला हवं. यावलचा रानपिंगळा आणि तोरणमाळचा रानपिंगळा यांच्यात अजून सोयरीक होते का, की मधल्या शेतांनी आणि रस्त्यांनी त्यांना कायमचं तोडलंय? नुसती डोकी मोजून हे कळत नाही. गळलेल्या पिसातूनही मिळणारा डीएनए ते सांगू शकतो.

तुम्ही म्हणाल, ‘आधी जंगलतोड थांबवा, मग जीनोम वाचा.’ मुद्दा शंभर टक्के खरा. नुसता जीनोम वाचून सागाचं एक झाडही उभं राहत नाही. पण वनखात्याचा पैसा आणि माणसं मोजकीच. जंगलाचा कोणता तुकडा आधी जोडायचा, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा पुराव्याने ठरवलेलं बरं. म्हणून माझं म्हणणं, आपल्या विद्यापीठाने आणि वनखात्याने हे काम मिळून हाती घ्यावं.

आणि आपण काय करायचं? पिसं गोळा करत फिरू नका, परवानगीशिवाय तो गुन्हा आहे. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलवू नका, घरट्याचं लोकेशन तर अजिबात टाकू नका. दिसला तर तारीख, वेळ, झाड लिहून ठेवा आणि वनखात्याला कळवा. हा दिवसाढवळ्या फिरणारा पक्षी आहे, त्यामुळे रात्र जागायचीही गरज नाही.

एकदा हरवलेला रानपिंगळा परत मिळाला, हे आपलं नशीब. नशीब दरवेळी साथ देईलच असं नाही भो!