गोळी शिकाऱ्याची, विष गिधाडाला

कायोटीच्या शिकारीसाठी रायफल कोणती घ्यावी आणि तिच्यात काडतूस कोणते भरावे, हा अमेरिकेत वर्षानुवर्षे शिकाऱ्याचा खासगी मामला समजला जात असे. कॅलिफोर्निया राज्याने मात्र त्याला कायद्याचा विषय केले. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात कोणत्याही वन्यप्राण्याची शिकार शिशाच्या गोळीने करता येत नाही. या बंदीचे मूळ कायोटीत नसून त्याच्या मृतदेहावर उतरणाऱ्या काँडोर या महाकाय गिधाडात आहे.

कायोटी हा लांडग्याच्या कुळातला, आपल्याकडच्या कोल्ह्याहून काहीसा थोराड प्राणी. लांडग्यांचा बहुतांश भागातून नायनाट झाल्यावर त्याला रान मोकळे मिळाले आणि आज हवाई वगळता अमेरिकेच्या सर्व राज्यांत तो आढळतो. मेंढ्या आणि वासरे मारतो म्हणून पशुपालकांचा त्याच्यावर रोष आहे. केंद्रीय कृषी खात्याच्या वन्यजीव सेवा विभागानेच २०१८ मध्ये सुमारे ६८ हजार कायोटी मारले. खासगी शिकाऱ्यांनी टिपलेले प्राणी याहून वेगळे.

या शिकारीला हरणासाठी वापरतात तशी जड रायफल लागत नाही. पॉइंट २२३ रेमिंग्टन किंवा पॉइंट २२-२५० ही काडतुसे पुरेशी ठरतात. वाऱ्याच्या मोकळ्या माळावर काही जण पॉइंट २४३ पसंत करतात. पॉइंट २२३ ची गोळी जेमतेम साडेतीन ग्रॅमची, पण वेग ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट. पातळ आवरण आणि शिशाचा गाभा असलेली ही गोळी शरीरात शिरताच फुटते. प्राणी तत्काळ मरतो, कातडीला पलीकडून मोठे भोक पडत नाही आणि गोळी आरपार जाऊन भलत्यालाच लागण्याचा धोका घटतो. शिकाऱ्याच्या दृष्टीने ही निवड अगदी तर्कशुद्ध आहे.

मेख अशी की, जो गुण शिकाऱ्याच्या सोयीचा तोच निसर्गाच्या मुळावर येतो. हरणाचे मांस घरी नेले जाते; कायोटीचे कोणी खात नाही. कातडी काढून किंवा न काढताही धड बहुधा रानातच पडून राहते आणि त्यात शिशाचे बारीक कण असतात. ते मांस खाणाऱ्या काँडोरच्या रक्तात शिसे भिनते, पचनसंस्था लुळी पडते आणि पोटात अन्न असूनही पक्षी उपासमारीने मरतो.

१९८२ मध्ये जगात अवघे २२ काँडोर उरले होते. १९८७ पर्यंत रानातले सर्व पक्षी पकडून बंदिवासात त्यांची पैदास करण्यात आली आणि १९९२ पासून त्यांना पुन्हा रानात सोडणे सुरू झाले. आज त्यांची एकूण संख्या पाचशेच्या वर आहे. तथापि मादी साधारणतः दोन वर्षांतून एकच अंडे घालत असल्याने एकेका प्रौढ पक्ष्याचा मृत्यू महागात पडतो, आणि रानातील मृत्यूंचे प्रमुख कारण शिशाची विषबाधा हेच आहे. म्हणूनच २००७ मध्ये संमत झालेल्या कायद्याने काँडोरच्या क्षेत्रात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीबरोबरच कायोटीच्या शिकारीलाही शिशाची मनाई केली. २०१३ च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने राज्यभर लागू झाली.

शिकाऱ्यांचे आक्षेप सरसकट उडवून लावण्याजोगे नाहीत. तांबे शिशाहून हलके. त्यामुळे तितक्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी नळीतील पेच अधिक घट्ट पिळाचे लागतात. साहजिकच, जुन्या रायफलीत नवी गोळी अचूक जाईलच असे नाही. एक तर हलकी गोळी घ्यावी, नाही तर रायफल बदलावी. शिवाय तांब्याची काडतुसे महाग. शिशाविरोधी नियम म्हणजे बंदुकांवर मागील दाराने आणलेले निर्बंध, असा संशयही आहेच. जानेवारी २०१७ मध्ये ओबामा प्रशासनाने जाता जाता केंद्रीय वन्यजीव क्षेत्रांत शिसे हद्दपार करण्याचा आदेश काढला. नवे गृहमंत्री रायन झिंके यांनी पदभार घेताच मार्चमध्ये तो रद्द केला.

ॲरिझोनाने निराळी वाट धरली. तेथे २००५ पासून काँडोरच्या क्षेत्रातील शिकाऱ्यांना शिसेविरहित काडतुसे मोफत दिली जातात, सक्ती नाही. या योजनेला शिकाऱ्यांचा मोठा प्रतिसाद मिळाला, तरी विषबाधा थांबलेली नाही. इकडे कॅलिफोर्नियात कायदा असूनही ती थांबलेली नाही. कारण एका दूषित मृतदेहावर अनेक पक्षी जमतात. नव्वद शिकारी शहाणे झाले आणि दहा राहिले, तरी धोका उरतोच.

भारतीय वाचकाला हे चित्र अपरिचित वाटू नये. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने आपल्याकडची गिधाडे अशीच संपवली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तिथेही औषध देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता आणि केवळ बंदीने काम भागले नाही. मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय मिळणे तितकेच निर्णायक होते. शिशाच्या बाबतीतही कायदा हवाच. पण परवडणारी, अचूक आणि प्रत्येक गावच्या दुकानात मिळणारी तांब्याची गोळी नसेल, तर तो कागदावरच राहील. कायोटी मारावा की नाही, हा वाद अमेरिकेत चालूच राहील. मारायचाच असेल, तर त्याची किंमत काँडोरने का मोजावी, या प्रश्नाला मात्र शिकाऱ्यालाही उत्तर द्यावे लागेल.