वचन कीं बेत?

वाणगांवच्या फलाटावर विरारच्या गाडीची वाट पाहतांना भाची आजीला म्हणाली, "दिवाळीला येईन हं!" गेल्या वर्षींहि ती असेंच म्हणाली होती, आणि आजी शेवटच्या गाडीपर्यंत दाराशीं बसून राहिली होती. म्हणून मीं विचारलें, "हें वचन, कीं बेत?"

भाची कोरियन भाषा शिकते. ती जरा ओशाळून म्हणाली, "मामा, त्या भाषेंत हें आधींच ठरवावें लागतें. 'ओल्केयो' म्हणजे ऐकणाऱ्याला दिलेला शब्द; 'ओर्यॉगो हेयो' म्हणजे येण्याचा नुसता विचार. शिवाय 'ओल्केयो' स्वतःपुरतेंच म्हणावयाचें; दुसऱ्याच्या वतीनें तसा शब्द देतां येत नाहीं."

मराठींत 'येणार आहें' म्हटल्यानें बेत कळतो. परंतु 'येईन' हें वचनहि असतें आणि 'जमल्यास पाहीन' असेंहि असतें. बोलणारा ही सवलत घेतो. ऐकणारा, विशेषतः वृद्ध असला म्हणजे, तें वचनच समजतो.

गाडी आली. चढतांना भाची वळून म्हणाली, "आजी, ओल्केयो!"

"म्हणजे काय रे?" आजीनें मला विचारलें.

"'येतें' म्हणाली," मीं सांगितलें. आपल्याकडे निघणारा 'जातों' म्हणत नाहीं, 'येतों' म्हणतो. वचन त्या शब्दांत आहेच. तें पाळणें तेवढें आपल्याकडे.