समुपदेशकाचे पद भरेल, प्रशिक्षणाचे काय?

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी बजावले. प्रकरण विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचे होते. मी राहतो ते भिलाईचे सेक्टर २ पोलाद कारखान्याच्या वसाहतीत आहे. अभियांत्रिकी प्रवेशाचा ध्यास इथे घरोघरी दिसतो, त्यामुळे हा निर्णय मला दूरचा वाटत नाही.

निर्देशातील एक अट महत्त्वाची आहे : नेमलेल्या व्यक्तीपाशी बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे, पडताळता येईल असे प्रशिक्षण हवे. सरकारी नोकरीत हयात घालवलेल्याला पुढचे चित्र दिसू लागते. दोन दिवसांची कार्यशाळा होईल, एखाद्या सहृदय शिक्षिकेकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ येईल आणि तपासणीच्या तक्त्यातील रकाना भरेल.

सहृदयता हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. समुपदेशनाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा गाभा पर्यवेक्षणाखालील सरावात असतो. विद्यार्थी प्रत्यक्ष माणसाशी बोलतो, नोंदी लिहितो आणि ज्येष्ठ व्यक्ती त्या तपासते : सल्ल्याची घाई कुठे झाली, समोरच्याचे मौन का सोसवले नाही, आत्महत्येच्या विचारांविषयी थेट का विचारले नाही. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही आपल्याकडची घट्ट समजूत; ती चुकीची आहे आणि प्रशिक्षणात ती मोडावी लागते. मुलाने सांगितलेले पालकांना किती सांगायचे, मनोविकारतज्ज्ञाकडे कधी पाठवायचे, हेही तिथेच कळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम २३ उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क देते आणि जिवाला धोका असल्यास अपवादही मानते. संतापलेल्या वडिलांसमोर ती सीमा ओळखणे कलम पाठ करून जमत नाही. (इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही मोडी कागद हाती घेतल्याखेरीज साधनचिकित्सा कुठे येते?)

अट कडक केली तर पदे रिक्त राहतील, हा आक्षेप रास्त आहे. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात छत्तीसगडसह १२ राज्ये होती आणि निरनिराळ्या मानसिक विकारांत उपचारांवाचून राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. मनुष्यबळ तोकडे आहेच. तरीही मार्ग आहे. समुपदेशक आता २०२१ च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या कक्षेत आले आहेत. त्याखालील राज्य परिषदांनी नोंदणीसाठी पर्यवेक्षित सरावाचे तास ठरवून द्यावेत. विद्यापीठांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा हा सराव शाळांमध्येच ठेवावा आणि पर्यवेक्षणाची जबाबदारी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील तज्ज्ञाकडे द्यावी. त्या तज्ज्ञाच्या वेळेसाठी मात्र अंदाजपत्रकात वेगळी तरतूद लागेल.