गंज कुठे लागलाय, ते आधी पाहा

या सदराकडे येणारी बहुतेक पत्रं स्वयंपाकघरातली असतात. लोणच्याला बुरशी येते, रवा किडतो, स्टीलच्या भांड्यांवर डाग पडतात, असे प्रश्न. पण मागच्या महिन्यात देवगडहून एका भगिनीचं पत्र आलं, ते मी मुद्दाम वेगळं काढून ठेवलं. त्या लिहितात: “ताई, आमची पिकअप १४ वर्षांची झाली. हंगामात आंब्याच्या पेट्या आणि एरवी मासळी, यावर आमचं घर चालतं. आता दारांच्या खालच्या कडेला, हौद्याला आणि फाळक्याला जागोजागी गंज धरलाय. पेंटर म्हणतो, १८ हजारांत लांबी भरून, रंग मारून नव्यासारखी करून देतो. दुसऱ्या गॅरेजवाल्याने गाडीखाली शिरून पाहिलं आणि ४५ हजार सांगितले, तेही रंग सोडून! पासिंग जवळ आलंय, म्हणून आमचे हे पेंटरकडे झुकलेत. मुलीच्या कॉलेजची फी याच पैशांतून भरायची आहे. तुम्ही असतात तर काय केलं असतं?”

गाडी हा पुरुषांचा विषय, आपण त्यात कशाला पडा, असं पुष्कळजणींना वाटेल. पण गाडीवर घर चालतं तेव्हा गाडीचा खर्च हा घरखर्चच असतो, आणि त्यातून नवरा त्या गाडीत बसून रात्री-अपरात्री घाट चढतो. मी स्वतः शाळेत अर्धा दिवस मराठी शिकवणारी बाई. पण माझे थोरले दीर पत्र्याचं काम करतात, त्यांचं गॅरेज आमच्या मागच्या अंगणाला लागूनच आहे. हे उत्तर लिहिण्याआधी त्यांच्यापुढे पत्र वाचलं. ऐकून ते एवढंच म्हणाले, “त्या दोघांनी वेगवेगळ्या गाड्या पाहिल्यात.” म्हणजे पेंटरने वरची गाडी पाहिली आणि गॅरेजवाल्याने खालची.

गंज आपल्याला काही नवा नाही. पत्र्याचा डबा कुठून सडतो ते आठवून पाहा. मधूनच नव्हे, नेहमी बुडाशी, कडेला, जिथे पत्रा दुमडलेला असतो आणि फरशीची ओल टिकून राहते तिथून. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज धरतो. शाळेत तीन परीक्षानळ्यांत खिळे ठेवण्याचा प्रयोग आपण सगळ्यांनीच केलेला असतो: कोरड्या हवेतला खिळा चांगला राहतो, उकळलेल्या पाण्यात वर तेलाचा थर देऊन ठेवलेलाही राहतो, आणि पाणी-हवा दोन्ही मिळालेला तांबडा होतो. त्यात मीठ पडलं की मग विचारूच नका. मीठ ओल धरून ठेवतं आणि गंजण्याची क्रिया फार वेगाने होऊ लागते. मासळीच्या गाडीत नेमकं हेच होतं. बर्फ वितळतो, त्याचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून खाली झिरपतं आणि चासीवर पडतं. वरून समुद्राचा वारा आहेच.

कोकणात आणखी एक गंमत आहे. आपली जांभ्याची माती लाल असते ती त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि गंज म्हणजे तरी दुसरं काय? त्यामुळे गाडीच्या पोटाला बसलेली लाल माती आणि गंज यांतला फरक डोळ्यांना कळतच नाही. तेव्हा पाहिलं काम म्हणजे कोणालाही गाडी दाखवण्याआधी ती खालून गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने स्वच्छ धुऊन, वाळवून घ्यावी. सर्व्हिसिंगवाल्यांकडे रॅम्प असतो, तिथेच न्यावी. घरी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, मुलांना तर तिथे फिरकूही देऊ नये.

धुतल्यावर यजमानांबरोबर तुम्हीही जा आणि बॅटरी घेऊन पाहा. दारांचा गंज दिसायला वाईट, पण दार सडलं म्हणून गाडी दरीत जात नाही. पाहायची ती चासी, म्हणजे गाडीच्या लांबीचे दोन गर्डर आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. पाटे जिथे चासीला अडकवलेले असतात ते कान नीट पाहायचे, कारण पेट्यांचा सगळा भार तिथे येतो. केबिनमधली रबरी मॅट उचलून ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा पाहायचा. मॅटखाली साचलेली ओल वर्षानुवर्षं तशीच राहते. बॅटरीची पेटी पाहायची, कारण तिथे ॲसिडचे शिंतोडे उडतात. डिझेलच्या टाकीचे पट्टे पाहायचे.

आणि ब्रेकचे पाइप. बोटापेक्षाही बारीक असे ते लोखंडी पाइप चासीच्या कडेने मागच्या चाकांपर्यंत जातात, चिखल आणि खारं पाणी त्यांच्यावर सतत उडत असतं, आणि पेंटर त्यांच्याकडे कधीच पाहत नाही. पाय दाबला की त्यांच्यातल्या तेलावर मोठा दाब येतो. गंजून पातळ झालेला पाइप शांतपणे उभ्या गाडीत फुटत नाही. जोरात ब्रेक दाबला की त्याच क्षणी फुटतो. तुमची गाडी पेट्या भरून फोंडा घाटाने कोल्हापूरला जात असेल, तर हा क्षण कुठे येईल हे मी वेगळं सांगायला नको. पाइपाला पोपडे आले असतील, कुठे ओलसर दिसत असेल, किंवा ब्रेकच्या तेलाची पातळी वारंवार खाली जात असेल, तर रंग, फी, पासिंग सगळं बाजूला ठेवून आधी पाइप बदलून घ्यावेत. सगळ्या कामात हा खर्च त्या मानाने थोडा असतो.

आता परीक्षेचं सांगते. दीर लहान हातोडीने चासीवर ठोकत जातात. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं; सडलेलं बद्द वाजतं आणि खपल्या गळतात. मग शंका आली तिथे जुना स्क्रूड्रायव्हर टोचायचा. वरवरचा गंज असेल तर तो खरवडतो, आत जात नाही. टोक आत गेलं की समजावं, पत्रा उरलेला नाही. वरच्या बॉडीसाठी आपल्या फ्रिजवरचं लोहचुंबक पुरतं. मऊ फडक्यात धरून दारावरून फिरवा. जिथे ते चिकटेनासं होतं तिथे आत लांबी भरलेली आहे. (जुनी गाडी विकत घ्यायला निघालेल्या भगिनींनी हे चुंबक पर्समध्ये ठेवावं. विकणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.)

लांबीविषयी माझं मत स्पष्ट आहे. चांगल्या पत्र्यावरचा खळगा भरायला ती ठीक. भोक बुजवायला नव्हे. भोकावर लांबी थापली की बाहेरून गुळगुळीत दिसतं, पण मागच्या बाजूने ओल येतच राहते आणि लांबी तिला धरून ठेवते. एका पावसाळ्यात रंगाला फोड येतात. म्हणजे १८ हजार गेलेच, शिवाय पत्रा आणखी सडला. मालवाहू गाडी ८ वर्षांची होईपर्यंत पासिंग दर २ वर्षांनी असतं, पुढे ते दरवर्षी करावं लागतं. म्हणजे यंदा रंगाने निभावलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा हाच प्रश्न तुमच्या दारात उभा राहणार.

तरी ४५ हजारही डोळे मिटून देऊ नयेत. गॅरेजवाल्याला विचारा: नेमकं कुठे कापणार, कुठला तुकडा बदलणार, किती जाडीचा पत्रा घालणार? कागदावर लिहून घ्या. चासीचं काम चासीच्याच कारागिराकडून करून घ्यावं, खिडकीच्या जाळ्या करणाऱ्या वेल्डरकडून नव्हे. भलत्या ठिकाणी वेल्डिंग केलं तर गर्डर त्याच्याशेजारी तडकतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढल्या पाहिजेत आणि डिझेलची टाकी व पाइप आगीपासून दूर केले पाहिजेत, हे त्याला आपणहून माहीत नसेल तर तिथून गाडी परत आणा.

आडवे तुकडे, केबिनचा तळ, एखादा कान एवढंच गेलं असेल, तर माझ्या मते ४५ हजारांतलं खालचं काम करावं आणि रंग लांबणीवर टाकावा. ठिगळाची दारं घेऊनही आंबा बाजारात पोहोचतो. पण मुख्य गर्डरलाच पाट्याच्या कानापाशी भोकं पडली असतील, तर त्या गाडीत एक रुपयाही घालू नका. आणि ती लांबी भरून दुसऱ्याच्या गळ्यातही मारू नका. त्याच्याही घरी कोणीतरी वाट पाहत असतं. २०२१ साली आलेल्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत दिली की तसं प्रमाणपत्र मिळतं आणि नवीन गाडी घेताना त्यावर सवलत मिळू शकते. आरटीओत जाऊन आधी चौकशी करावी. फीचं म्हणाल, तर कॉलेजला हप्ते मागता येतात, पुष्कळ ठिकाणी देतातही. घाटाला हप्ते मागता येत नाहीत.

वरवरचा गंज मात्र घरच्या घरी थोपवता येतो, आणि हे काम आपल्या हाताला चांगलं जमतं. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने खपल्या पूर्ण निघेपर्यंत घासायचं, धुवायचं, कडक वाळवायचं. मग बाजारात गंज बदलणारं द्रावण मिळतं ते लावायचं. काहींत टॅनिन असतं. विळीवर आवळा चिरला की तो काळा पडतो, किंवा लोखंडी कढईत शिजवला की काळाकुट्ट होतो, तेच हे: टॅनिन आणि लोह यांचा काळा थर. काही द्रावणांत फॉस्फोरिक आम्ल असतं, त्याने लोखंडावर फॉस्फेटचा थर बसतो. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे, त्याच्याही लोखंडात फॉस्फरस जास्त असून त्यामुळेच वर संरक्षक थर तयार झाला, असं आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी अभ्यासून दाखवलं होतं. अर्थात दिल्लीला देवगडचा वारा नाही! द्रावण लावताना हातमोजे घाला आणि डब्यावरच्या सूचना वाचा. ते वाळलं की त्याच दिवशी प्रायमर, आणि प्रायमर वाळला की वर रंगाचे दोन हात. नुसता रेडऑक्साइड मारून गाडी महिनोन्‌महिने फिरवतात, ते चूक. प्रायमर सच्छिद्र असतो, ओल आत जाते.

संडास धुण्याचं ॲसिड गंजावर ओतण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. गंज निघाल्यासारखा दिसतो, पण त्यातलं क्लोराइड सांध्यांत राहतं आणि चार दिवसांत दुप्पट गंज येतो. साडीवरच्या गंजाच्या डागाला आपण लिंबू-मीठ चोळतो, ते साडीपुरतंच. जळकं ऑइल चासीला फासण्याची पद्धतही जुनी आहे. त्याने पाणी थोडं दूर राहतं हे खरं, पण ते रबराचे बुश खराब करतं, ब्रेकच्या लायनरवर उडालं तर ब्रेक लागत नाही, आणि अंगणात ठिबकून विहिरीकडे जातं ते निराळंच.

मासळी उतरवल्यावर त्याच दिवशी हौदा आणि खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं, ते चालणार नाही. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरण्यासाठी बारीक भोकं असतात, ती मातीने बुजतात. जुन्या विणकामाच्या सुईने मोकळी करावीत. दार खालून का सडतं, त्याचं अर्धं उत्तर या भोकांत आहे. ओल्या गाडीवर लगेच ताडपत्री घालू नये.

पत्राच्या शेवटी या भगिनींनी विचारलंय, पावसाळ्यात मासेमारी बंद असते, गाडी उभीच असते, तेव्हा सगळं काम करावं का? वेल्डिंग छपराखाली करता येईल. पण रंगाला तो काळ सर्वांत वाईट. दमट हवेत पत्रा कोरडा होतच नाही आणि रंगाखाली ओल कोंडते. तेव्हा ब्रेकचे पाइप आत्ता, चासीचं काम हंगामाची गर्दी संपताच, आणि दारं-फाळका दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, असे तीन भाग पाडा. खर्चही तीन भागांत विभागला जाईल.

चिपळूणच्या एका वाचक भगिनीचा छोटा प्रश्न याच विषयातला आहे: गाडी उभी राहते तिथल्या फरशीवर तांबडे डाग पडतात, ते कसे काढावेत? सिमेंटचा कोबा असेल तर लिंबूसत्त्व कोमट पाण्यात कालवून डागावर पसरा, पंधरा-वीस मिनिटांनी घासून भरपूर पाण्याने धुवा. कोबाही आम्लाने थोडा झिजतो, म्हणून जास्त वेळ ठेवू नका. संगमरवर किंवा कडप्पा असेल तर लिंबूसत्त्व मुळीच नको, दगडाची चकाकी जाते. तिथे साबणाच्या पाण्यावरच भागवावं. आणि डाग पुसण्याआधी त्याच्या बरोबर वर गाडीचा कोणता भाग येतो, तिथे खडूने खूण करून ठेवा. मेकॅनिकला ती जागा दाखवता येईल.