रकाने कुणाचे?

खंडाळा तालुक्यात क्षेत्रकार्याला निघालेल्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावलीत 'जात'च्या शेजारी 'पारंपरिक व्यवसाय' हा रकाना बहुधा असतोच. शिरवळच्या कंपनीत कंत्राटावर लागलेल्या पोराला तो विचारला, की पोरगं आधी गोंधळतं, मग आजोबांचं काहीतरी सांगतं. आपण ते इमानेइतबारे टिपून घेतो. गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली जातीची सहा लक्षणं मांडली. व्यवसायनिवडीवरचं बंधन हे त्यांतलं एक. त्याआधी, १९१५ मध्ये, त्रिं. ना. आत्र्यांचा 'गावगाडा' बलुत्या-अलुत्यांचा सगळा व्यवहार सांगून गेला होता. फॉर्मवर दोघांचंही नाव नसतं, पण पोराने उत्तर कोणत्या साच्यात द्यायचं ते यांनीच ठरवून ठेवलेलं आहे.

अनुकरणाची कल्पनाही अशीच बिनबोभाट फिरली. गाब्रिएल तार्द या फ्रेंच अभ्यासकाचा तिच्यावरचा ग्रंथ १८९० चा. साताऱ्यात शाळा शिकलेल्या आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात तार्दचा नाव घेऊन आधार घेतला: अंतर्विवाहाचं, म्हणजे जातीतच लग्न करण्याचं, कुंपण आधी एका वर्गाने घातलं, बाकीचे त्याचं पाहून वागत गेले. घुर्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांचं 'संस्कृतीकरण', म्हणजे वरच्या जातींच्या रीती उचलत वर सरकणं, आलं १९५२ मध्ये. पुढे डेक्कन कॉलेजच्या य. भा. दामले यांनी जातींची हीच हालचाल 'संदर्भ समूह' या अमेरिकी सिद्धांताने तपासली. वर्गात मात्र आपण श्रीनिवासांपासून सुरुवात करतो आणि आंबेडकरांना 'विचारवंत' म्हणून वेगळ्या पेपरात बसवतो. ही सोय अभ्यासक्रमाची. विचार असे वाटण्या करून चालत नाहीत.

या सगळ्या मांडणीत खालचा वर बघतो, हे गृहीत आहे. पण नायगाव, सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव, याच खंडाळा तालुक्यात. त्या आणि जोतीराव ज्यात राबले त्या सत्यशोधक समाजाने १८७३ पासून भटजीवाचून लग्नं लावली. ते कुणाचं अनुकरण होतं? कासेगावात घर केलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनी बंडातून घडणारा समूह अभ्यासला, तो याच परंपरेचा हात धरून. आपल्या प्रश्नावलीत त्याला रकाना नाही.

शिरवळच्या त्या पोराला नोकरी कुणी लावली, खोलीत सोबत कोण राहतं, अडीनडीला पैसे कोण देतं, हे आधी विचारावं. आणि आपल्या या नियतकालिकात येत्या अंकापासून प्रत्येक लेखासोबत मूळ प्रश्नावली जोडावी. प्रत्येक वर्गवारी कुणाकडून घेतली, ते दोन ओळींत लिहावं. पानं वाढतील. वाढू देत.