पंधरा दिवसांची माया

परदेशी स्वयंसेवकाने उष्ण कटिबंधातल्या एखाद्या बेटावर जायचे, तिथल्या बालगृहात दोन-तीन आठवडे मुलांना इंग्रजी शिकवायचे, त्यांच्याशी खेळायचे आणि परत यायचे, अशा प्रवासाला सेवा-पर्यटन म्हणतात. इंडोनेशियातले बाली हे या पर्यटनाचे एक ठळक ठिकाण. तिथे बालगृहाला ‘पांती आसुहान’ असा शब्द आहे. बेटाची समृद्धी दक्षिणेला एकवटलेली आहे: कुटा, सानूर, उबुद, देनपसार. गरिबी उत्तरेच्या बुलेलेंगमध्ये आणि पूर्वेच्या कारांगासेममध्ये, आगुंग ज्वालामुखीच्या कोरड्या उतारांवर. दक्षिणेतल्या बालगृहांत बऱ्याचदा याच कोरड्या भागातली मुले असतात, आणि पर्यटक असतात तिथून ही बालगृहे गाडीने तासाभराच्या आत येतात.

या प्रकाराचे समर्थन मराठीतही आता मोठ्या ठामपणे होऊ लागले आहे. युक्तिवाद असा: या मुलांना कोणी नाही; त्यांना माया हवी; ती पंधरा दिवसांची असली तरी अजिबात नसण्यापेक्षा बरी. पाहुण्यांमुळे संस्थेला पैसा मिळतो, मुलांना चार वाक्ये इंग्रजी येते, आणि गेलेला तरुण परत येतो तो समंजस होऊन. नावे ठेवणारे घरी बसून नावे ठेवतात. हे निदान उठून काही करतात. या सगळ्यावर कळस म्हणून एक पुरावा दिला जातो. पाहुणा फाटकातून आत आला की मुले धावत येऊन त्याला बिलगतात. मुलांना नको असते तर ती बिलगली असती का?

यातले किरकोळ मुद्दे लवकर निकालात निघतात. इंग्रजी: दर पंधरवड्याला शिक्षक बदलतो, त्याला इंडोनेशियन येत नाही, आधीच्याने काय शिकवले ते ठाऊक नसते, म्हणून रंग, प्राणी आणि एक ते वीस आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. पैसा: खर्चाचा मोठा वाटा विमानकंपनी, मध्यस्थ आणि राहण्याची जागा यांच्याकडे जातो. कायदा: पर्यटकाच्या व्हिसावर इंडोनेशियात काम करता येत नाही, आणि बिनपगारी कामही कामच ठरते. तरुण समंजस होतो, हा मुद्दा खरा असू शकतो. पण एकाच्या समंजसपणाची किंमत दुसऱ्याच्या मुलाने का मोजावी, याचे उत्तर समर्थक देत नाहीत.

खरा मुद्दा बिलगण्याचा आहे. समर्थकांना तो आपला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो, म्हणून त्याच्याकडे नीट पाहिले पाहिजे.

कोणत्याही घरातले चार वर्षांचे मूल अनोळखी माणूस दारात आला की काय करते? आईच्या पदराआड जाते. आजीच्या मागून डोकावते. बऱ्याच वेळाने, आई त्या माणसाशी हसून बोलते आहे हे पाहून, एक पाऊल पुढे टाकते. बुजणे हे निरोगी मुलाचे लक्षण आहे. आपले कोण आणि परके कोण हे त्याला कळते, आणि संकटात धावत कोणाकडे जायचे हे त्याच्या मनात पक्के असते. जे मूल पहिल्याच क्षणी अनोळख्याच्या कडेवर चढते, हात सोडत नाही आणि तो गेल्यावर पुढच्या अनोळख्याकडे तितक्याच ओढीने जाते, त्याच्या मनात ही जागा रिकामी असते. बालमानसशास्त्रात या सरसकट सलगीची नोंद कित्येक दशकांपासून आहे, आणि ती संस्थांत वाढलेल्या मुलांत वारंवार आढळते. ज्याला समर्थक प्रेमाची पावती म्हणतात ते दुखण्याचे लक्षण आहे.

हे ज्ञान नवे नाही. जॉन बोल्बी यांचा मातृवंचनेवरचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. एका स्थिर, सततच्या माणसावाचून लहान मूल कसे कोमेजते, हा त्याचा विषय होता. पुढे ब्रिटनमध्ये बार्बरा टिझार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या चाललेल्या निवासी बालगृहांचा अभ्यास केला. तिथे खेळणी होती, पुस्तके होती, खाणे उत्तम होते. पण साडेचार वर्षांचे होईपर्यंत प्रत्येक मुलाला किमान आठवडाभर सांभाळणारी सरासरी ५० माणसे येऊन गेलेली होती. तीसुद्धा पगारी, प्रशिक्षित आणि मुलांची भाषा बोलणारी. रुमानियात चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टच्या बालगृहांतली १३६ मुले निवडून त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने पालक-कुटुंबांत ठेवली. कुटुंबात गेलेली मुले बुद्धी, भाषा आणि भावबंध या तिन्ही बाबतींत पुढे गेली. वयाची दोन वर्षे पुरी होण्याआधी गेलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. मुलाला जे लागते ते माणसाचे टिकून राहणे. दर पंधरा दिवसांनी नव्या माणसाने प्रेम करायचे आणि उठून जायचे, ही व्यवस्था मुलाला एकच गोष्ट शिकवते: जीव लावलेला माणूस जातो. वर्षात असे वीस-पंचवीस निरोप झाले तर तो धडा चांगलाच पाठ होतो.

निरोपाचा दिवस जवळून पाहावा. ओसरीवर रबरी चपलांची रांग असते. कोपऱ्यात तांदळाचे पोते आणि नूडल्सच्या पाकिटांची खोकी, मागच्या पाहुण्यांनी आणलेली. मुले रांगेत उभी राहून शिकवलेले गाणे म्हणतात. पाहुणी रडते, तिचे अश्रू खरे असतात, त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. एक मुलगी तिच्या मनगटावर दोऱ्याची राखीसारखी पट्टी बांधते. गाडी वळणाआड जाते. मग मोठी मुले चादरी गोळा करायला लागतात, कारण ती खोली सोमवारी येणाऱ्यांसाठी तयार करायची असते. समर्थकांच्या लेखनात पाहुणीचे अश्रू असतात, चादरी नसतात.

येथे प्रतिपक्षाचा एक आक्षेप मान्य केला पाहिजे. इंडोनेशियातल्या बालगृहांतली बहुतेक मुले तान्ही नाहीत, शाळकरी वयाची आहेत. बुखारेस्टच्या पाळण्यांतले निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण या मान्यतेने समर्थकांची बाजू सावरत नाही, उलट अधिक अडचणीत येते. मूल दहा वर्षांचे असेल तर ते दहा वर्षे कोणाकडे तरी वाढले. कोणाकडे?

त्याचे उत्तर पुष्कळदा मुलाच्या नावातच असते. बालीत मुलांना जन्मक्रमाने नावे देतात: पहिला वायान, दुसरा माडे, तिसरा न्योमान, चौथा क्तुत, पाचव्यापासून पुन्हा वायान. मुलगा असो वा मुलगी, क्रम हाच. म्हणजे ‘आमचा लाडका अनाथ क्तुत’ असे कौतुकाने लिहिणारा स्वतःच सांगत असतो की हे लेकरू निदान चौथे आहे आणि त्याच्या आधी किमान तीन भावंडे जन्मली आहेत. ती कुठे आहेत, त्यांची आई कुठे आहे, हे पंधरा दिवसांत विचारावेसे वाटत नाही. शब्दांचेही तसेच. इंडोनेशियन भाषेत बाप नसलेल्याला ‘यातिम’ म्हणतात, आई नसलेल्याला ‘पियातू’, आणि दोन्ही नसलेल्याला ‘यातिम पियातू’. त्या भाषेने जो भेद जपला तो पाहुण्याच्या एका ‘अनाथ’ शब्दात पुसला जातो. आणि मग बाप गेलेले पण आई शेतात राबत असलेले मूलही जगाच्या नजरेत कोणी नसलेले होते.

इंडोनेशियाचे समाजकल्याण मंत्रालय, सेव्ह द चिल्ड्रेन आणि युनिसेफ यांनी मिळून देशातल्या निवडक बालगृहांचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९० टक्के मुलांच्या आईवडिलांपैकी किमान एक जण हयात होते, आणि निम्म्याहून अधिक मुलांचे दोघेही. मुले तिथे का होती? मुख्यतः शाळेसाठी. गावात पुढची शाळा नाही, गणवेश, वह्या आणि प्रवास परवडत नाही, आणि कोणीतरी येऊन सांगते की मुलाला आमच्याकडे द्या, शिकेल. आई देते. तिने मूल टाकलेले नसते. शाळेत घातलेले असते. ‘या मुलांना कोणी नाही’ हे समर्थकांचे पहिले वाक्य इथेच कोसळते, आणि त्यावर रचलेले बाकीचे सगळे त्याच्याबरोबर.

मागणी असली की पुरवठा होतो, हा नियम मुलांच्या बाबतीतही चुकत नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात पर्यटक वाढले आणि बालगृहांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. पोरक्या मुलांची लाट काही आलेली नव्हती. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी बालगृहांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१९ च्या डिसेंबरात केलेल्या ठरावात बालगृहांतल्या स्वयंसेवेच्या कार्यक्रमांचे धोके स्पष्ट नोंदवले. भरलेली खोली पाहुणे आणते, पाहुणे पैसे आणतात, म्हणून खोली भरलेली ठेवावी लागते. सगळ्याच संस्था हे जाणून करतात असे नाही. पण मूल घरी परत गेले तर जिचे उत्पन्न घटते, त्या संस्थेकडून ते घरी पाठवण्याची अपेक्षा कशी ठेवायची?

महाराष्ट्रात हा वाद वेगळ्या वेषात पूर्वीच होऊन गेला आहे, आणि अजून मिटलेला नाही. मुलाचा पहिला वाढदिवस अनाथाश्रमात साजरा करण्याची पद्धत शहरांत रुळली आहे. आश्रमातली पोरे पंगतीत बसतात, श्रीखंड-पुरी वाढली जाते, पाहुण्यांच्या बाळासाठी त्यांच्याकडून टाळ्या वाजवून गाणे म्हणवून घेतात. ज्या मुलाला स्वतःची जन्मतारीख माहीत नाही त्याने महिन्यात चार वेळा दुसऱ्याच्या वाढदिवसाचे गाणे म्हणायचे. याविरुद्ध बोलणाऱ्यांना तेव्हाही कोरडे म्हटले गेले: पोरांना गोडधोड मिळते, तुमचे काय जाते? जाते ते पोरांचे. पुढे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने अशा मुलांची ओळख उघड होईल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई केली, आणि निदान कागदावर तरी एक गोष्ट ठरली: त्या मुलाचा चेहरा हा पाहुण्याचा ऐवज नाही. हाच नियम मानणारा माणूस बालीच्या विमानतळावर उतरला की विसरतो. स्वतःच्या लेकराच्या शाळेत कोणी अनोळखी परदेशी माणूस ओळखपत्राशिवाय वर्गात शिरून मुलांना कडेवर घेऊ लागला, तर तोच पहिल्यांदा मुख्याध्यापकांच्या खोलीत जाईल.

मग करायचे काय? मूल शाळेसाठी घर सोडत असेल तर शाळेचा खर्च घरी पोचवला पाहिजे. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना मुलांची शाळा आणि आरोग्य यांच्या अटीवर थेट रोख मदत देणारी ‘प्रोग्राम क्लुआर्गा हारापान’ ही सरकारी योजना २००७ पासून चालू आहे. महाराष्ट्राची बालसंगोपन योजनाही याच तत्त्वावर उभी आहे: मुलाला संस्थेत न घालता आई, आजी किंवा मामा-काका यांच्याकडे ठेवायचे आणि त्या घराला दरमहा अनुदान द्यायचे. रक्कम अपुरी असते, हप्ते रखडतात, या तक्रारी खऱ्या आहेत. तरी मूल रात्री आपल्या घरी झोपते. बालीत घराची परंपरा दुबळी नाही. तिथे बाळाचे पाय जन्मानंतर १०५ दिवस जमिनीला लागू देत नाहीत. तो विधी होईपर्यंत ते आई, आत्या, आजी, शेजारीण अशा कडेवरून कडेवर फिरत असते. या बेटाला बाहेरून कडेवर घेणारे आणण्याची गरज नाही. गरज आहे ती त्या माणसांच्या हातात वह्यांचे आणि बसभाड्याचे पैसे असण्याची.

ज्याला स्वतः जायचेच आहे त्याने आपले कौशल्य मोठ्यांना द्यावे: परिचारिकेने तिथल्या परिचारिकांना, हिशेबनिसाने संस्थेच्या हिशेबनिसाला, शिक्षकाने तिथल्या शिक्षकांना, आणि तेही योग्य व्हिसा काढून. ज्याच्याजवळ असे काही नाही त्याने साधा पर्यटक म्हणून जावे, कारांगासेममध्ये एखाद्या घरगुती मुक्कामाच्या जागी उतरावे, वाजवी भाडे द्यावे; ते भाडे कोणाच्या तरी आईच्या हातात पडते. आणि बालगृहाला देणगी द्यायचीच असेल तर आधी एक चौकशी करावी: गेल्या वर्षी इथून किती मुले आपापल्या घरी परत गेली, आणि त्यांच्या शाळेकडे आता कोण पाहते. चांगल्या संस्थेकडे याचे उत्तर वहीत लिहिलेले असते, आणि ती ते मुलांना ओसरीवर न बोलावता देते.